'रक्त काढणे' : एका क्रियापदाचा व त्यामागील विधीचा इतिहास

मराठीत रुग्णाच्या अंगातील रक्त बाहेर आणण्याच्या क्रियेस 'रक्त काढणे' हा एकच प्रयोग रूढ आहे. वैदूने तुंबडी लावून काढलेले रक्त आणि आरोग्य केंद्रातील तंत्रज्ञाने नळीत घेतलेले रक्त यांत आपली भाषा भेद करीत नाही. वस्तुतः हेतूच्या दृष्टीने या दोन क्रिया परस्परविरुद्ध आहेत. पहिलीत रक्त दूषित म्हणून टाकावयाचे असते, आणि ते गेले म्हणजेच उपचार झाला असे मानले जाते. दुसरीत ते चिन्ह म्हणून वाचावयाचे असते. त्याच्या जाण्याने रोग्यास काडीचाही गुण येत नाही, आणि उपचार व्हावयाचाच असेल तर तो रक्त वाचून झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, सुरू होतो. एका क्रियापदाखाली हे दोन व्यवहार कसे नांदू लागले, आणि पहिल्यातील सावधगिरीचे नियम दुसऱ्यात कितपत उतरले, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूर तालुक्यास एकेकाळी कोळवण म्हणत. त्यात माहुलीचा किल्ला येतो. मुरबाडच्या पूर्वेस नाणेघाट व माळशेज. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा हे दोन तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. शहापूर तालुका संपूर्णपणे, व मुरबाडमधील काही गावे, अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी व आगरी अशी येथील वस्ती आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कातकरी, ठाकरी व वारली या बोलींची दखल घेतलेली आहे, आणि ल. ना. चापेकर यांचा ठाकरांवरील इंग्रजी ग्रंथ (१९६०) आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. रक्त काढण्याच्या इतिहासात या भागाचे वैशिष्ट्य असे की, येथे सुई रोग्याच्या बोलावण्यावरून फार थोडी आली. ती बहुतेक वेळा सरकारच्या एखाद्या मोहिमेबरोबर, सरकारच्या गरजेने, दाराशी येऊन उभी राहिली. या मोहिमांकडे वळण्यापूर्वी मूळ विधीचे स्वरूप पाहणे अवश्य आहे.

रक्तमोक्षणाचे सर्वांत सविस्तर शास्त्र सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात जळवांचा विचार आहे, चौदाव्यात रक्ताचे वर्णन आहे, आणि शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सिराव्यधाचा, म्हणजे शीर वेधण्याचा, विधी दिलेला आहे. आधुनिक वाचक हा भाग चाळतो तो बहुधा कुतूहलाने; परंतु बारकाईने वाचल्यास असे दिसून येते की, येथे रक्त कसे काढावे यापेक्षा ते केव्हा काढू नये, किती काढू नये आणि कोठे थांबावे यांना अधिक जागा दिलेली आहे. बालक, वृद्ध, क्षीण, भित्रा, थकलेला, गर्भिणी अशांची शीर वेधू नये. दिवस कोणता, ढग आहेत की नाहीत, हेही पाहावयाचे. मांसल जागी वेध यवाएवढा, अन्यत्र त्याहूनही लहान. रक्त देहाचे मूळ आहे हे तत्त्व प्रथम सांगून मग त्याच्या मोक्षणाचा विचार केलेला आहे. दोष थोडा उरला तरी चालेल, पण रक्त अति वाहू देऊ नये, असा ग्रंथकाराचा स्पष्ट कौल आहे. कमाल मर्यादा एक प्रस्थाची. टीकाकार या प्रसंगी प्रस्थ साडेतेरा पळांचा धरतात, म्हणजे स्थूलमानाने अर्ध्या लिटरच्या आसपास. आजच्या रक्तदानाची पिशवी ३५० किंवा ४५० मिलिलिटरची असते, हे येथे ताडून पाहण्याजोगे आहे.

सदोष वेधांची सुश्रुताची यादी तर प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे. असे वीस दोष त्याने नामनिर्देशपूर्वक सांगितले आहेत : वेध नीट न लागलेली दुर्विद्धा, खोल गेलेली अतिविद्धा, आडवी वेधलेली तिर्यग्विद्धा, कापत असलेली वेपिता, पुन्हा पुन्हा वेधलेली पुनःपुनर्विद्धा, इत्यादी. ही सारी नावे शिरेची विशेषणे आहेत, वैद्याची नव्हेत. तथापि दोष कोणाचा याविषयी वाचकास संशय राहत नाही. शिकाऊ वैद्याने हात बसविण्यासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेधाचा सराव करावा, असेही सूत्रस्थानात सांगितले आहे. जिवंत माणसाच्या दंडावर प्रथमच हात चालवू नये, हा विचार त्या काळी झालेला होता.

जळवांच्या प्रकरणात हीच दृष्टी दिसते. सविष सहा व निर्विष सहा अशा बारा जाती सांगून केवळ निर्विष जाती वापरण्यास अनुज्ञा आहे. राजे, धनिक, बालक, वृद्ध, भित्रे, दुर्बल, स्त्रिया व सुकुमार यांच्यासाठी हा सर्वांत सौम्य उपाय म्हणून योजावयाचा. दंशाच्या जागी ठणका व कंड सुरू झाली म्हणजे जळू आता शुद्ध रक्त पीत आहे असे समजून ती काढावी; न सुटल्यास तिच्या तोंडावर सैंधवाचे चूर्ण टाकावे. नंतर तिच्याकडून प्यालेले रक्त ओकवून घ्यावे. रोग्याने जाणवलेली वेदना येथे थांबण्याची खूण ठरते. विधीचा शेवट रोग्याच्या संवेदनेवर सोपवणे, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते.

जाता जाता परिभाषेविषयी एक गोष्ट. मराठी शालेय पुस्तकांतून हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीस 'रोहिणी' व हृदयाकडे आणणारीस 'नीला' ही नावे रूढ झाली. दोन्ही सुश्रुताची आहेत. परंतु त्याच्या वर्गीकरणात रक्तवहा त्या रोहिणी, आणि नीला या पित्तवहा. परिभाषाकारांनी कातडीखाली दिसणाऱ्या निळसर रंगावरून नीला शब्द उचलला आणि पित्ताला रजा दिली. व्यवहारात मात्र हे दोन्ही शब्द पुस्तकाबाहेर पडले नाहीत. शहापूर-मुरबाडकडेच काय, पुण्या-मुंबईतही माणूस म्हणतो 'शीर'. ही शीर संस्कृत सिरेपासून आलेली खरी, पण तिचा अर्थ फार पसरलेला आहे. शीर तापते, शीर आखडते, शीरेवर शीर चढते. रक्तवाहिनी, स्नायूचा बंध व मज्जातंतू या तिघांना मराठी बोलीत एकच नाव आहे. तंत्रज्ञ 'शीर सापडत नाही' असे म्हणतो तेव्हा तो रक्तवाहिनीविषयी बोलत असतो. रोगी मात्र जी आखडल्यास हात कामातून जातो त्या वस्तूविषयी ऐकत असतो. मोलमजुरीवर पोट असणाऱ्यास ही भीती क्षुल्लक नाही.

शास्त्रग्रंथांतील रक्तमोक्षण कालांतराने वैद्यांच्या हातून सुटले, आणि ते वैदू, न्हावी व अन्य कारागीर जातींच्या हाती राहिले. संस्कृतातील अलाबू म्हणजे कडू भोपळा. सुश्रुताच्या विधीत त्यात दिवा ठेवून ओढ निर्माण करावयाची, आणि शिंग असेल तर तोंडाने चोखून. मराठीतील 'तुंबडी' हे नाव तुंब्यावरून, म्हणजे भोपळ्यावरून आले. वैदूच्या झोळीतील तुंबडी मात्र पुष्कळदा शिंगाची असते. वस्तू बदलली, नाव मागे राहिले. 'स्वतःची तुंबडी भरणे' हा वाक्प्रचार कित्येक जण या तुंबडीशी जोडतात. परंतु गोसाव्याच्या भिक्षापात्रासही तुंबडीच म्हणतात, आणि भरण्याची क्रिया भिक्षापात्रास अधिक शोभते. आमच्या मते वाक्प्रचाराचे मूळ तेथे शोधावे. तथापि ऐकणाऱ्याच्या मनात रक्ताची तुंबडीही उभी राहते, आणि दुसऱ्याच्या जिवावर भरणे ही छटा तिच्यामुळे गडद झाली असावी. 'जळू' शब्दाचा इतिहास सरळ आहे. जलौका म्हणजे जल हेच जिचे घर ती, अशी व्युत्पत्ती खुद्द सुश्रुतानेच दिलेली आहे. वाग्भटाने तिला दूध-पाणी वेगळे करणाऱ्या हंसाची उपमा दिली, कारण ती दूषित रक्त आधी पिते अशी समजूत होती. मराठीत मात्र जळू हे केवळ शोषण करणाऱ्याचे नाव उरले. हंसापासून सावकारापर्यंतचा हा प्रवास अर्थापकर्षाचे उत्तम उदाहरण म्हणून वर्गात सांगण्याजोगा आहे.

लोकपरंपरेत फासण्या टाकणे, तुंबडी लावणे, जळू लावणे हे हातकौशल्य टिकले. निषेधांची यादी टिकली नाही. फिरता वैदू दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातो. जखम चिघळली तर पाहणारा कोणी नसतो, आणि एकच शिंग अनेकांच्या अंगाला लागते. यात त्या जमातीस दूषण देण्याचे कारण नाही. युरोपातील पदवीधर डॉक्टरही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सढळ हाताने रक्त काढीत होते. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या अखेरच्या आजारात एका दिवसात अनेकदा शीर वेधली गेली. पिएर लुई या पॅरिसच्या वैद्याने १८३५ मध्ये रोग्यांची मोजदाद करून रक्त काढण्याचा लाभ फारच तोकडा असल्याचे दाखविले, तेव्हा कोठे या प्रथेस उतार लागला. हकिमांच्या परंपरेत 'फस्द' या अरबी नावाने हाच उपचार चालू होता.

येथवर रक्त काढणे म्हणजे रक्त सोडणे होते. पुढचा अध्याय विचित्र रीतीने रक्ताने नव्हे, लशीने सुरू होतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस यशस्वी रीतीने टोचली गेली, आणि तिच्या दंडावरील फोडातून द्रव घेऊन पुढच्या मुलांना टोचण्यात आले. दंडावरून दंडावर अशी ही साखळी अनेक दशके चालू होती. वासरापासून मिळणारी लस पुढे आली. मराठीत या क्रियेस 'देवी काढणे' म्हणत. टोचून आत घालण्याच्या क्रियेस 'काढणे' हे क्रियापद का लागले, हा प्रश्न कोशकारांस पडावयास हवा होता. देवी अंगावर उठवून बाहेर काढावयाच्या, असा एक अर्थ संभवतो. परंतु ज्या आईच्या मुलाच्या दंडातून दुसऱ्यांसाठी द्रव नेला जाई, तिच्या दृष्टीने 'काढणे' हा शब्द अक्षरशः खरा होता. सरकारी माणूस हत्यार घेऊन येतो आणि मुलाच्या अंगातून काही घेऊन जातो, ही समज पुढील सुईच्या वाट्याला वारशाने आली.

वाचण्यासाठी रक्त काढण्याचा पाया १८८० मध्ये घातला गेला. लाव्हेरां याने अल्जीरियात तापाच्या रोग्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी पाहिले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रॉस याने सिकंदराबादेत डासाच्या जठरात त्यांचा माग काढला. त्यानंतर बोटावरील एक थेंब हा पुरावा झाला. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४० नंतरच्या दशकात हिवतापनियंत्रणाचे मोठे काम उभारले. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. निर्मूलनाच्या योजनेत कार्यकर्त्याने दर पंधरवड्यास प्रत्येक घरी जाऊन ताप आलेल्याचे रक्त काचपट्टीवर घ्यावे, असा दंडक होता. रोग उलटल्यावर १९७७ मध्ये योजना सुधारण्यात आली, पण घरोघरची काचपट्टी राहिली. शहापूर-मुरबाडसारख्या झाडीच्या, ओढ्यानाल्यांच्या मुलखात 'मलेरियावाला' हा पाड्यावर नियमाने येणारा सरकारी माणूस ठरला.

या थेंबाचेही शास्त्र आहे. मधले किंवा अनामिका बोट घ्यावयाचे, तेही टोकावर न टोचता बाजूस. स्पिरिटने पुसून ते वाळू द्यावयाचे. पहिला थेंब पुसून टाकावयाचा, आणि बोट पिळावयाचे नाही, कारण पिळल्याने पेशींबाहेरील द्रव मिसळून रक्त पातळ होते. एकाच काचेवर जाड व पातळ असे दोन लेप. पातळ लेपावर पेन्सिलीने क्रमांक. भारतात त्यांस जसवंतसिंग व भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये काढलेला, त्यांच्याच आद्याक्षरांनी 'जेएसबी' म्हणून ओळखला जाणारा, रंग देत. यांत क्रमांकाचे महत्त्व सुईइतकेच आहे. क्रमांक चुकला तर थेंब कोणाचाच राहत नाही.

या मोहिमेत भाषेच्या दृष्टीने फार मोठी एक गोष्ट घडली, आणि ती आरोग्याच्या अहवालांत सापडणार नाही. बोट टोचताच त्याच वेळी क्लोरोक्विनच्या गोळ्या हाती पडत. तपासणीचा निकाल पुढे यावयाचा असे, आणि निकाल सदोष निघालेल्यांनाच पुढील उपचार मिळे. बाकीच्यांना निकाल कळविण्याचे कारण उरत नसे. रोग्याने पाहिले ते एवढेच : टोचले, रक्त काढले, गोळ्या दिल्या, ताप उतरला. रक्त काढणे हाच उपचार, या जुन्या अर्थाला नव्या सुईने असा दुजोरा दिला. तपासणीशिवाय गोळ्या देण्याची ही पद्धत पुढे धोरणाने बंद झाली. टोचणे उरले, गोळ्या गेल्या. आता ज्यास गोळ्या मिळत नाहीत तो म्हणतो, 'रक्त नेलं, दिलं काहीच नाही.' या वाक्यातील 'नेणे' लक्षात घ्यावे. कार्यकर्ता 'घेतले' म्हणतो, तंत्रज्ञ 'काढले' म्हणतो, रक्तपेढीतील सूचनाफलक 'दिले' म्हणतो. 'नेले' हे क्रियापद केवळ ज्याचे रक्त जाते तोच वापरतो. त्यात रक्त कोठेतरी गेले आहे व परत आलेले नाही, ही नोंद आहे.

शिरेतून रक्त घेण्याचे आजचे नियम जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये एकत्र ग्रथित केले. पट्टा जागेच्या चार-पाच बोटे वर बांधावा व दोन मिनिटांहून अधिक ठेवू नये. रोग्याने मूठ वळावी. ७० टक्के अल्कोहोलने जागा पुसून ती पूर्ण वाळू द्यावी व नंतर तिला बोट लावू नये. सुई तीस अंश किंवा त्याहून कमी कोनात घालावी. सुई काढण्यापूर्वी पट्टा सैल करावा. नंतर कोपर न दुमडता जागा दाबून धरावी. बंध, मूठ, वेधाची खोली, पुन्हा पुन्हा टोचण्याचा निषेध : इतपत सुश्रुत हे सारे ओळखील. जे त्यास अपरिचित वाटेल ते असे की, सुई व नळी एकदाच वापरावयाची, वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण पुन्हा बसवावयाचे नाही, ती लगेच न भोसकणाऱ्या डब्यात टाकावयाची, आणि नळीवर नाव रोग्यासमोरच लिहावयाचे. सुश्रुताच्या वीस दोषांनी बाधा होते ती रोग्यास. नव्या यादीत रोगी, रक्त घेणारा व खुद्द रक्त अशा तिघांचे रक्षण आहे. यांत कसूर झाली म्हणजे काय होते, हे २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा येथे दिसले. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने पसरलेल्या काविळीत अनेकांचे प्राण गेले. सुईच्या आधीची पायरी म्हणून या यादीत आणखी एक कलम आहे : रोग्यास त्याचे नाव त्याच्याच तोंडून सांगावयास लावणे आणि काय करणार ते समजावून त्याची संमती घेणे. छापील यादीत ते कलम सर्वांत सोपे दिसते. ज्याच्या बोलीत शीर म्हणजे तीन वस्तू आणि काढणे म्हणजे दोन व्यवहार, त्याच्यासमोर ते सर्वांत अवघड आहे.

याचे प्रत्यंतर सिकलसेलच्या तपासणीत येते. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत व आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत प्रथम नोंदविला गेला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय निर्मूलन अभियानास आरंभ झाला. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. येथे रक्त काढले जाते ते ताप आला म्हणून नव्हे. धडधाकट माणसाचे रक्त घेऊन त्यास असे काही सांगावयाचे असते, जे आयुष्यभर बदलणार नाही आणि ज्याचा संबंध त्याच्या लग्नाशी व मुलांशी आहे. माता व पिता दोघांकडून दोष आला तर 'रुग्ण', एकाकडूनच आला तर 'वाहक'. आता मराठी माणसास वाहक परिचित आहे तो एस. टी. च्या गाडीतला, तिकिटे देणारा. आणि रोगाच्या संदर्भात वाहक म्हणजे रोग पसरविणारा डास. ज्या मुलीच्या कार्डावर 'वाहक' लिहिले आहे ती सहसा निरोगी असते, तिच्यापासून कोणास संसर्ग होत नाही, आणि दोष नसलेल्या वराशी विवाह झाल्यास तिच्या पोटी रुग्ण मूल जन्मत नाही. हे सारे 'वाहक' या शब्दात नाही. सोयरीक मोडावयास मात्र तेवढा शब्द पुरतो.

शिवाय या तपासणीचे दोन टप्पे आहेत. पहिली चाचणी द्राव्यतेची. ती स्वस्त व झटपट आहे, पण वाहक व रुग्ण यांतील भेद तिला कळत नाही. तो निश्चित करण्यासाठी वेगळी चाचणी लागते, आणि पुष्कळदा त्यासाठी शिरेतून पुन्हा रक्त घ्यावे लागते. दुसऱ्यांदा दंड पुढे करण्यास सांगितले म्हणजे माणूस साहजिकच विचारतो, त्या दिवशी नेलेल्या रक्ताचे काय झाले? वैदूस हा प्रश्न कधी पडला नाही. त्याने काढलेले रक्त रोग्याच्या डोळ्यांदेखत मातीत सांडत असे.